पूर्ण रोजगाराच्या वचनाची अखेर

सप्टेंबर १९७६ च्या अखेरीस ब्रिटनच्या मजूर पक्षाचे वार्षिक अधिवेशन ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी भरले होते. २८ तारखेला पंतप्रधान जेम्स कॅलहॅन बोलावयास उभे राहिले आणि त्यांनी आपल्याच पक्षाच्या तीस वर्षांच्या श्रद्धेवर पाणी सोडले. कर कमी करून आणि सरकारी खर्च वाढवून मंदीतून बाहेर पडता येते असे आपण समजत आलो; पण तो मार्ग आता उरलेला नाही, आणि पूर्वी जेव्हा जेव्हा तो चोखाळला तेव्हा तेव्हा आधी अधिक भाववाढ व मागोमाग अधिक बेकारी एवढेच त्यातून निष्पन्न झाले, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. भाषणाचा हा भाग त्यांचे जावई व 'टाइम्स'चे अर्थविषयक संपादक पीटर जे यांच्या लेखणीतून उतरला होता. त्याच दिवशी अर्थमंत्री डेनिस हीली परदेशातील परिषदांसाठी हीथ्रो विमानतळावर गेले होते. पौंड इतक्या वेगाने घसरत होता की, प्रवास रद्द करून ते तेथूनच माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३९० कोटी डॉलरच्या कर्जासाठी अर्ज करण्याचा निर्णय जाहीर झाला. निधीकडे तोवर कोणत्याही देशाने एवढी मोठी मागणी केलेली नव्हती.

केन्सप्रणीत अर्थनीतीची मृत्युतिथी म्हणून हा दिवस सांगण्याची प्रथा पडली आहे. ती सोयीची असली तरी फारशी खरी नाही. केन्सचा विचार आणि त्या विचाराच्या आधारे ब्रिटिश राज्यसंस्थेने आपल्या नागरिकांना दिलेले वचन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विचाराची पीछेहाट झाली, पुढे तो पुन्हा डोके वर काढू शकला. वचन मात्र मोडले ते मोडलेच. ते कसे मोडले आणि मोडूनही मोडणाऱ्यांचे काही बिघडले कसे नाही, हा या कथेतील खरा प्रश्न आहे. कॅलहॅन यांना त्या वचनाचे मोल ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. १९२९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते प्राप्तिकर खात्यात कारकून म्हणून चिकटले होते. सरकारी नोकरी मिळाली म्हणजे गंगेत घोडे न्हाले, असे मानण्याचाच तो काळ होता.

दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमधील नोंदलेल्या बेकारांची संख्या जवळजवळ सतत दहा लाखांच्या वर राहिली. १९३३ च्या आरंभी ती तीस लाखांना भिडली. ईशान्य किनाऱ्यावरील जॅरो या गावाचे पोट ज्या गोदीवर चालत असे ती बंद पडली आणि गावातील बहुसंख्य कामकरी पुरुष रिकामे झाले. ऑक्टोबर १९३६ मध्ये तेथील दोनशे माणसे सुमारे तीनशे मैल पायी चालत, आपले गाऱ्हाणे घेऊन लंडनला गेली. हाती काही न लागता ती परतली. सरकार निर्दय होते असे नव्हे. सरकारच्या अर्थखात्याचा एक सिद्धान्त होता. सरकारने कर्ज काढून कामे सुरू केली तर तेवढेच भांडवल खाजगी उद्योगाच्या तोंडचे काढले जाईल, एकूण रोजगारात भर पडणार नाही, असे हे खाते मानीत असे. १९२९ चा अर्थसंकल्प मांडताना विन्स्टन चर्चिल यांनी हाच सिद्धान्त पार्लमेंटला ऐकवला होता.

केन्सने १९३६ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सिद्धान्ताच्या मुळावरच घाव घातला. त्याचे म्हणणे मुळात साधे आहे. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. एखाद्या कुटुंबाने अडचणीच्या दिवसांत हात आखडता घेतला तर ते शहाणपणाचे. परंतु सारीच कुटुंबे, सारे कारखानदार आणि वर सरकारही एकाच वेळी हात आखडते घेऊ लागले तर सर्वांचीच मिळकत आटते आणि बचत करण्यासाठी हाती काही उरत नाही. अशा अवस्थेत मजुरी कितीही खाली आणली तरी कारखानदार माणसे घेणार नाही, कारण त्याच्या मालाला गिऱ्हाईक नाही. बाजारपेठ अशा खड्ड्यात वर्षानुवर्षे पडून राहू शकते. तेव्हा खर्च करण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे त्याने, म्हणजे राज्यसंस्थेने, तो करावा. तेजी आली की मात्र तिने मागे सरावे.

या शेवटच्या वाक्याकडे केन्सच्या भक्तांनी आणि निंदकांनी सारखेच दुर्लक्ष केले आहे. युद्ध सुरू होताच, नोव्हेंबर १९३९ मध्ये, याच केन्सने 'टाइम्स'मध्ये लेख लिहून कामगारांच्या वेतनातील काही भाग सक्तीने बचतीत टाकावा व तो युद्ध संपल्यावर परत करावा, अशी सूचना केली होती. मागणी उतू जाणार, वस्तू अपुऱ्या पडणार, तेव्हा लोकांच्या हातातील क्रयशक्ती काढून घ्या, असे त्याचे सांगणे होते. केन्स म्हणजे तुटीचा अर्थसंकल्प असे समीकरण मांडणाऱ्यांनी त्याचे हे रूप विचारात घेतलेले दिसत नाही.

मे १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरण्याच्या काही दिवस आधी, चर्चिल यांच्याच संमिश्र सरकारने रोजगारविषयक धोरणाची श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. युद्धानंतर रोजगाराची पातळी उच्च व स्थिर राखणे हे सरकारचे एक प्रमुख उद्दिष्ट आणि एक प्रमुख जबाबदारी राहील, असे तिच्या आरंभीच म्हटले होते. 'पूर्ण रोजगार' हा शब्दप्रयोग सरकारने जाणूनबुजून टाळला होता. तो बेव्हरिज यांनी त्याच वर्षी आपल्या पुस्तकातून रूढ केला आणि लोकांनी श्वेतपत्रिकेच्या तोंडी घातला. पत्रिकेत सावधगिरीची कलमेही होती. वर्षामागून वर्षे हेतुपुरस्सर तूट ठेवावी असे ती म्हणत नव्हती. उलट मालक व कामगार या दोघांनी भाव आणि मजुरी यांबाबत संयम पाळला नाही तर ही सारी योजना ढासळेल, असे तिने बजावले होते. पुढे जे घडले त्याचा इशारा वचन देतानाच देऊन ठेवलेला होता. तथापि जॅरोच्या आठवणी ताज्या असलेल्या जनतेने वचन लक्षात ठेवले आणि अटी सोडून दिल्या. सरकारांनीही तेच केले.

यानंतरची पाव शतकाची कारकीर्द ब्रिटनच्या सामान्य माणसाला भरभराटीची गेली. बेकारीचे प्रमाण बहुतेक वर्षी दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहिले. बेव्हरिज यांनी स्वतः तीन टक्के ही मर्यादा धरली होती. हुजूर पक्षाचे अर्थमंत्री बटलर आणि त्यांच्या आधीचे मजूर पक्षाचे गेट्स्केल यांच्या धोरणांत फरक दाखवणे इतके अवघड झाले की, १९५४ साली 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने दोघांच्या नावांचा संधी करून 'मि. बट्स्केल' नावाचे एक काल्पनिक पात्रच निर्माण केले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या कल्पक गृहस्थाने १९४९ मध्ये एक यंत्र बनवले होते. त्यात राष्ट्राचे उत्पन्न रंगीत पाण्याच्या रूपाने पारदर्शक नळ्यांतून वाहत असे. कर वाढवण्याची झडप फिरवली की एका टाकीतील पाणी उतरे, सरकारी खर्चाची झडप फिरवली की ते चढे. त्या काळच्या अर्थखात्याची मनोवस्था या यंत्राइतकी दुसऱ्या कशातूनही कळत नाही. देशाचे अर्थकारण ही नळ्या आणि झडपांची बाब आहे आणि झडपा आपल्या हाती आहेत, असा एक सुखद विश्वास साऱ्यांच्या मनात मुरला होता.

गंमत अशी की, या झडपांमुळेच पूर्ण रोजगार टिकला का, याविषयीच शंका आहे. मॅथ्यूज या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हा प्रश्न उपस्थित केला आणि आकडे मांडून दाखवले की, युद्धोत्तर ब्रिटनच्या सरकारचे चालू उत्पन्न खर्चाहून अधिकच होते; म्हणजे अर्थसंकल्पाचा परिणाम मागणी वाढवण्याचा नसून कमी करण्याचा होता. रोजगार टिकला तो खाजगी गुंतवणुकीच्या लाटेमुळे आणि विस्तारत्या जागतिक व्यापारामुळे. सरकार बेकारी वाढू देणार नाही या भरवशावर कारखानदार गुंतवणूक करीत राहिले असतील, तर तेवढे श्रेय केन्सच्या पदरात टाकावे लागेल. आणि ते लहान नाही. परंतु ज्या औषधाची बाटली बहुधा उघडलीच नव्हती तिच्या गुणाचे पोवाडे गायले गेले, आणि उघडल्यावर तिने अपाय केला तेव्हा सारा दोष वैद्याच्या माथी आला.

बाटली खऱ्या अर्थाने उघडली ती १९७२ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत बेकारांचा आकडा दहा लाखांपलीकडे गेल्याचे जाहीर होताच कॉमन्स सभागृहात एवढा गदारोळ झाला की कामकाज काही काळ थांबवावे लागले. पंतप्रधान एडवर्ड हीथ हुजूर पक्षाचे होते आणि बाजारपेठेला मोकळीक देण्याच्या घोषणा करीत निवडून आले होते. पण दहा लाख बेकार हा आकडा कोणतेही सरकार पचवू शकत नाही, असे त्या पिढीचे गृहीत होते. अर्थमंत्री बार्बर यांनी करांत मोठी कपात केली. बँकांच्या कर्जावरील जुनी बंधने त्याआधीच, १९७१ मध्ये, सैल झाली होती. पैशाचा पुरवठा वर्षाला सुमारे पंचवीस टक्क्यांच्या वेगाने फुगू लागला. कारखान्यांपेक्षा घरांच्या आणि जमिनींच्या किमतींना त्याचा अधिक लाभ झाला. अशा तापलेल्या तव्यावर १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाची भाववाढ येऊन पडली. काही महिन्यांत तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. कोळसा खाणकामगारांशी झगडा, वीज वाचवण्यासाठी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवण्याचा हुकूम, फेब्रुवारी १९७४ मधील हीथ यांचा पराभव, हा सारा इतिहास परिचित आहे. ऑगस्ट १९७५ मध्ये भाववाढीचा वार्षिक वेग २६.९ टक्क्यांवर गेला.

तेलाच्या भाववाढीने केन्सवाद्यांची जी कोंडी केली ती समजून घेण्यासारखी आहे. परदेशी तेलासाठी जादा मोजलेला प्रत्येक पौंड देशातील खरेदीतून कमी होत होता, म्हणजे मागणी आटत होती. आणि त्याच वेळी प्रत्येक वस्तूचा उत्पादनखर्च वाढून भाव चढत होते. बेकारी आणि महागाई या दोन व्याधी आलटून पालटून येतात, या समजुतीवर सारे उपचार बेतलेले होते. याच फिलिप्सने १९५८ मध्ये ब्रिटनच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या आकड्यांवरून बेकारी व मजुरीवाढ यांच्या उलट्या संबंधाचा आलेख काढला होता. राज्यकर्त्यांनी त्याचा अर्थ खानावळीच्या दरपत्रकासारखा लावला. इतकी महागाई पत्करा, इतकी बेकारी कमी घ्या! आता दोन्ही एकदम वाढू लागल्यावर खर्च वाढवावा तर महागाई भडकते आणि आवरावा तर बेकारी, अशी इकडे आड तिकडे विहीर झाली.

अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स या दोघांनी स्वतंत्रपणे हे भाकीत काही वर्षे आधीच केले होते. फ्रीडमन यांनी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढे डिसेंबर १९६७ मध्ये केलेल्या अध्यक्षीय भाषणाचा गाभा असा की, भाववाढीने बेकारी कमी होते ती लोक गाफील असतील तोवरच. मजुरी वाढली म्हणून खूष झालेल्या कामगाराला दुकानात गेल्यावर खरा हिशेब कळतो. पुढच्या वाटाघाटीत तो भाववाढ आधीच धरून मागणी करतो, आणि मग तेवढाच रोजगार टिकवण्यासाठी भाववाढीची मात्रा दर वेळी वाढवावी लागते. सत्तरीच्या दशकातील ब्रिटनला हे निदान बरेचसे लागू पडले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्यातून सरकारने फक्त पैशाच्या पुरवठ्यावर लक्ष ठेवावे आणि बेकारी आपल्या 'नैसर्गिक' पातळीवर जाऊन बसेल तेथे तिला बसू द्यावे, असा जो निष्कर्ष काढला गेला तो निदानातून आपोआप निघत नव्हता. ब्रिटनमध्ये सर कीथ जोसेफ यांनी सप्टेंबर १९७४ मधील प्रेस्टन येथील भाषणात तो प्रथम राजकारणाच्या भाषेत आणला. बेकारीच्या भीतीपोटी आपण सर्वांनीच चलन फुगवले, असे सांगताना त्यांनी ज्या हीथ मंत्रिमंडळात ते स्वतः बसले होते त्यालाही वगळले नाही.

राज्यकर्त्यांच्या हाती चलनाची दोरी सैल सोडावी काय, हा वाद भारतीय वाचकाला अगदीच परका वाटू नये. तरुण केन्स लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीला होता आणि १९१३ मध्ये त्याने भारतीय चलनावर लिहिलेल्या पुस्तकात रुपयाच्या तत्कालीन व्यवस्थेची, म्हणजे सुवर्ण विनिमय परिमाणाची, तरफदारी केली होती. त्याला सविस्तर उत्तर दिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९२३ च्या आपल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात. किती रुपये पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर सोपवले तर रुपयाची क्रयशक्ती सुरक्षित राहणार नाही आणि त्याची झळ गरिबांना बसेल, असा त्यांचा आक्षेप होता. केन्सचा रोजगारविषयक सिद्धान्त तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तरी चलनाच्या व्यवस्थापकावर किती विश्वास टाकावा, या मुद्द्यावर त्याला अडवणाऱ्यांत हा भारतीय विद्वान फार आधी उभा होता.

अखेर निधीचे पथक लंडनला आले. मंत्रिमंडळात आठवडेच्या आठवडे खल झाला. परराष्ट्रमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी दहा लाखांहून अधिक माणसे बेकार असताना खर्च कापणे हे अर्थशास्त्रही नव्हे आणि समाजवादही नव्हे, अशी बाजू लावून धरली. पण पंतप्रधानांनी हीली यांच्या पारड्यात वजन टाकल्यावर ते नमले. डिसेंबरात पुढील दोन वर्षांसाठी मिळून अडीचशे कोटी पौंडांची खर्चकपात जाहीर झाली. पुढे उघड झाले की, ज्या तुटीच्या अंदाजावर हा सारा आकांत झाला तो अंदाजच बराच फुगलेला होता, आणि मंजूर कर्जापैकी निम्म्याच्या आसपासच रक्कम उचलावी लागली. हीली यांना आपल्याच खात्याच्या आकड्यांचा तो राग पुढे अनेक वर्षे विसरता आला नाही. तथापि तेवढ्यावरून सारे संकट खोटे होते असे म्हणता येणार नाही. पौंड बाळगणाऱ्या परदेशी ठेवीदारांचा विश्वास उडाला होता आणि १९४४ मध्ये नसलेली एक शक्ती त्यामुळे मैदानात उतरली होती. ब्रेटन वुड्सच्या वाटाघाटींत केन्सने भांडवलाच्या ये-जा करण्यावर नियंत्रण ठेवण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला असावा, असा आग्रह धरला होता. घराला भिंती असतील तरच आत शेकोटी पेटवण्यात अर्थ, हे त्याला ठाऊक होते. भिंती खचत गेल्या. आणि १९७९ च्या ऑक्टोबरात ब्रिटनने परकी चलनावरील उरलीसुरली नियंत्रणे स्वतःच्या हातांनी उचलली. फ्रान्समध्ये मित्तराँ यांनी १९८१ साली एकट्याने उलट दिशेने चालण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षांत तीनदा फ्रँकचे अवमूल्यन करून त्यांनाही मार्च १९८३ मध्ये पाय मागे घ्यावे लागले.

आतापर्यंतच्या हकिकतीत एका माणसाचे नाव यावयास हवे होते. मिखाल कालेत्स्की हा पोलिश अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या निष्कर्षांपर्यंत जवळपास त्याच काळात आपल्या वाटेने पोहोचला होता. १९४३ मध्ये, श्वेतपत्रिकेच्या एक वर्ष आधी, त्याने लिहून ठेवले की, पूर्ण रोजगार साधण्याचे तंत्र सापडले आहे, अडचण तंत्राची नाही. कामावरून काढले जाण्याचे भय नाहीसे झाले की कारखान्यातील शिस्तीचा मुख्य आधारच नाहीसा होतो. नफा वाढला तरी मालकवर्गाला हे फार काळ मानवणार नाही. तो व्याजावर जगणाऱ्या वर्गाशी हातमिळवणी करील आणि या अवस्थेला अनैसर्गिक ठरवणारे अर्थशास्त्रज्ञ त्यांना भेटतीलच. १९७८-७९ च्या हिवाळ्यात सरकारने वेतनवाढीवर घातलेली पाच टक्क्यांची मर्यादा कामगारांनी उधळून लावली. रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले, लिव्हरपूलमध्ये कबरी खोदणाऱ्यांनीही संप केला. कालेत्स्कीचे भाकीत मालकवर्गापुरते न राहता मध्यमवर्गापर्यंत, इतकेच नव्हे तर अनेक कामगारांपर्यंतही पोहोचले. कोणाला तरी वचक बसला पाहिजे, असे सामान्य मतदार उघडपणे बोलू लागला.

श्रीमती थॅचर मे १९७९ मध्ये सत्तेवर आल्या. त्यापूर्वीच्या वर्षी त्यांच्या पक्षाने बेकारांच्या लांबलचक रांगेचे एक भित्तिपत्रक लावून मजूर सरकारची नाचक्की केली होती. रांगेतील मंडळी बेकार नव्हती. ते उत्तर लंडनमधील तरुण हुजूर कार्यकर्ते होते, आणि पुरेसे न आल्यामुळे त्याच माणसांची पुन्हा पुन्हा छायाचित्रे घेऊन रांग लांबवली होती. तेव्हा बेकारांची संख्या तेरा-चौदा लाख होती. नव्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवर नेला, बँक ऑफ इंग्लंडचा दर त्याच नोव्हेंबरात १७ टक्क्यांवर चढवला आणि १९८० च्या मार्चमध्ये पैशाच्या पुरवठ्याचे चार वर्षांचे वेळापत्रक जाहीर केले. पैशाने ते पहिल्याच वर्षी झुगारून दिले. उत्तर समुद्रातील तेल आणि चढे व्याज यांमुळे पौंड मात्र इतका महागला की निर्यात करणारे कारखाने धडाधड बंद पडू लागले.

मंदी ऐन भरात असताना, मार्च १९८१ मध्ये, अर्थमंत्री सर जेफ्री हाउ यांनी करांचा बोजा सुमारे चारशे कोटी पौंडांनी वाढवणारा अर्थसंकल्प मांडला. १९३६ नंतर शिकवल्या गेलेल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या हे विरुद्ध होते. त्याच महिन्याच्या अखेरीस ३६४ अर्थशास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र प्रसिद्ध करून या धोरणाला सिद्धान्ताचा वा पुराव्याचा आधार नाही, असे बजावले. केंब्रिजच्या दोन प्राध्यापकांनी सह्या गोळा केल्या होत्या, आणि सह्या करणाऱ्यांत पुढे बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर झालेले मर्व्हिन किंगही होते. पार्लमेंटमध्ये श्रीमती थॅचर यांना विचारण्यात आले की, तुमच्याशी सहमत असलेल्या दोन अर्थतज्ज्ञांची नावे सांगा. त्यांनी अ‍ॅलन वॉल्टर्स आणि पॅट्रिक मिनफर्ड ही नावे सांगितली. कचेरीत परतल्यावर एक अधिकारी म्हणाला म्हणतात, तिसरे नाव विचारले नाही हे नशीब.

पत्र बरोबर की चूक, यावर आजही वाद घातला जातो. उत्पादनाची घसरण त्यानंतर थोड्याच दिवसांत थांबली, हे खरे. भाववाढ १९८३ पर्यंत पाच टक्क्यांखाली आली, हेही खरे. पण जानेवारी १९८२ मध्ये बेकारांची संख्या तीस लाखांच्या पुढे गेली आणि १९८६ च्या उन्हाळ्यापर्यंत ती उतरावयास तयार नव्हती. पत्राच्या टीकाकारांच्या लेखी ही पाच वर्षे जणू टिपणीत घालण्याजोगी बाब आहे. गोदी, पोलाद आणि कापड यांवर जगणाऱ्या शहरांत बाप आणि मुलगा एकाच बेकारभत्ता कचेरीसमोर उभे राहू लागले. नोकरी गेलेला चाळिशीतला कामगार पाच वर्षांनी रोजगार उपलब्ध झाला तरी परत येत नाही, त्याचे कौशल्य व उमेद दोन्ही गंजलेली असतात. बेकारीची ही 'नैसर्गिक' पातळी मंदीनेच वर ढकललेली असते, असे पुढे अनेक अभ्यासकांनी दाखवले.

आणि जून १९८३ मध्ये श्रीमती थॅचर १४४ जागांच्या बहुमताने पुन्हा निवडून आल्या. फॉकलंडचा विजय होता, मजूर पक्ष फुटला होता, हे सारे हिशेबात धरले तरीही या निकालाने एक गृहीत कायमचे गाडले. हीथ दहा लाखांच्या आकड्याने घाबरले होते; येथे तिप्पट आकडा घेऊन सरकार अधिक बळकट झाले. ज्यांची नोकरी टिकली होती त्यांची संख्या गेलेल्यांच्या जवळपास सातपट होती, आणि त्यांची मजुरी भावांपेक्षा वेगाने वाढत होती. बेकारीवर मते जात नाहीत, हे एकदा कळल्यानंतर केन्सच्या वचनाला आधार देणारी भीतीच संपली. ब्लॅकपूलचे भाषण नव्हे, तर ही निवडणूक त्या वचनाची खरी अखेर म्हटली पाहिजे.

पुढच्याच वर्षी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी एका व्याख्यानात नव्या व्यवस्थेची कामवाटणी मांडली. भाववाढ आटोक्यात ठेवणे हे देशाच्या एकूण आर्थिक धोरणाचे काम. रोजगार व वाढ हे कर, कामगार कायदे, उद्योगांवरील नियम यांसारख्या सुट्या सुट्या सुधारणांचे. १९४४ ची रचना त्यांनी अचूक उलटी केली होती. विशेष म्हणजे ज्या चलनसिद्धान्ताच्या नावाने हे स्थित्यंतर घडले, तो स्वतः फार जगला नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये लॉसन यांनीच पैशाच्या पुरवठ्याचे मुख्य लक्ष्य गुंडाळून ठेवले, कारण ते कधी पाळलेच जात नव्हते. गादीवरून केन्स उतरला, फ्रीडमनही टिकला नाही. तरी गादीसमोरची रिकामी जागा तशीच राहिली. मजूर पक्ष १९९७ मध्ये परतला तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात व्याजदराचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडकडे सोपवला.

केन्सची अवजारे मात्र गंजून गेली नाहीत. २००८ मध्ये बँका कोसळू लागल्या तेव्हा सरकारने मूल्यवर्धित कर तेरा महिन्यांसाठी १७.५ वरून १५ टक्क्यांवर आणला, कामे पुढे ओढली आणि तूट वाढू दिली. २०१० मध्ये आलेल्या सरकारने ते उलट फिरवून काटकसरीचा मार्ग धरला, आणि घरखर्चाच्या वहीचा तोच १९२९ सालचा दाखला जनतेला पुन्हा ऐकावयास मिळाला. २०२० च्या साथीत तर हुजूर पक्षाच्याच सरकारने घरी बसलेल्या नोकरदारांना वेतनाच्या ८० टक्के, महिना अडीच हजार पौंडांपर्यंत, स्वतःच्या तिजोरीतून दिले. ही योजना ३० सप्टेंबर २०२१ रोजी बंद होईपर्यंत १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला आणि सुमारे सात हजार कोटी पौंड खर्च झाले. एवढा पैसा १९७६ मध्ये कोणी मागितला असता तर त्याला वेड्यात काढले असते. आणीबाणी आली की केन्सला बोलवावयाचे आणि ती टळली की त्याला निरोप द्यावयाचा, अशी ही रीत पडली आहे. नेहमीच्या दिवसांत, ज्या दिवसांत कोणाच्या तरी गावची गोदी मुकाट्याने बंद पडते, त्या दिवसांची जबाबदारी घेण्यास कोणी तयार नाही.

कायद्याने बँक ऑफ इंग्लंडवर भाव स्थिर ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. त्याला बाध येणार नसेल तर तिने सरकारच्या वाढ व रोजगारविषयक धोरणाला साहाय्य करावयाचे आहे. भाववाढ २ टक्क्यांच्या लक्ष्यापासून एक टक्क्याहून अधिक ढळली की गव्हर्नरला अर्थमंत्र्यांना जाहीर पत्र लिहून खुलासा करावा लागतो. २०२२ मध्ये महागाई ११ टक्क्यांवर गेली तेव्हा अशी पत्रे एकामागून एक गेली. बेकारी वाढली तर कोणी कोणाला पत्र लिहावे, याची तरतूद त्या व्यवस्थेत नाही.